पोटॅशियम ८.४ आणि पेशंट निवांत चहा पितोय: सॅम्पल नेमकं कुठं बिघडलं?

मेघा_आजरा

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मेडिसिन वॉर्डला स्टाफ म्हणून लागले आहे. परवा सकाळी हँडओव्हर चालू असतानाच लॅबमधून फोन आला. बेड नंबर अकराच्या आजोबांचं पोटॅशियम ८.४ आणि कॅल्शियम ४.६. एवढ्या पोटॅशियमवर हृदय बंद पडू शकतं, म्हणून आरएमओ (ड्यूटीचे डॉक्टर) धावत आले. मॉनिटर लावला, ईसीजी काढला, हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ट्रेमध्ये ठेवलं. ईसीजी मात्र अगदी नॉर्मल. आजोबा उठून बसलेले, बशीत ओतून चहा पीत होते. भोवती एवढी माणसं बघून तेच घाबरले. "काय झालं ओ सिस्टर, मला काय हुतंय का?" असं सारखं विचारत होते.

मग दुसऱ्या हातातून परत सॅम्पल घेतलं. पोटॅशियम ४.१, कॅल्शियम ८.९.

त्यानंतर भांडण सुरू झालं. लॅबवाले म्हणाले नर्सिंगनं सॅम्पल खराब केलं. वॉर्ड म्हणाला लॅबचं मशीन बिघडलंय. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "मी नेहमीसारखंच काढलं." आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. शेवटी कुणालाच काही कळलं नाही आणि विषय तिथंच सुटला. मला तो सोडवत नाही. आजोबांना त्या ८.४ वर पोटॅशियम उतरवायला इन्सुलिनचं ड्रिप लागलं असतं तर?

दुसरी गोष्ट. पुढच्या आठवड्यापासून नर्सिंग कॉलेजच्या मुली पोस्टिंगला येणार आहेत. सॅम्पल कलेक्शन त्यांना मी दाखवायचं, असं इन्चार्ज सिस्टरनी सांगितलंय. पुस्तकात सगळं होल्डर आणि व्हॅक्यूम ट्यूबचं लिहिलंय. आमच्याकडे निम्म्या वेळा दहा सीसीच्या सिरिंजनं रक्त काढून बल्बमध्ये (नमुन्याच्या नळीत) भरतात. कॅथेटरची लघवी घाईच्या वेळी कुणीतरी बॅगेतूनच काढून देतं. आणि नातेवाईक दर खेपेला म्हणतात, "रगात काढून काढूनच माणूस वाळला बगा." त्यांना काय उत्तर द्यायचं, तेही सांगा.

अनुभवी लोकांनी खरं काय करायचं ते लिहावं. पुस्तकातली यादी माझ्याकडे आहे.

लॅबटेक_शाहूपुरी

मेघाताई, मशीन बिघडलेलं नव्हतं. मी गेली बरीच वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या बाकावर आहे. हा रिपोर्ट बघितला की आमच्यातला कुणीही एकच गोष्ट बोलेल: जांभळ्या झाकणाच्या बल्बातलं रक्त प्लेनमध्ये, म्हणजे बायोकेमिस्ट्रीच्या लाल झाकणाच्या बल्बात गेलंय.

जांभळ्या बल्बात ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम पकडून ठेवतं. त्यातलं थोडं रक्त बायोकेमिस्ट्रीच्या बल्बात मिसळलं की पोटॅशियम एकदम वर जातं, कॅल्शियम एकदम खाली येतं, आणि सोडियम मात्र जागच्या जागी राहतं. तुमच्या आजोबांचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम त्या सॅम्पलवर केलं असेल तर काढून बघा, तेही कमी आलं असणार. ईडीटीए मॅग्नेशियम आणि झिंक पण धरतं आणि त्या एन्झाइमला ते दोन्ही लागतात.

हे घडतं कसं, तर बहुतेक वेळा असं. सिरिंजमधलं रक्त आधी जांभळ्यात ओतलं, तो खुणेच्या वर भरला, प्लेन कमी पडला, मग जांभळ्यातलं जास्तीचं रक्त प्लेनमध्ये उलटं केलं. करणाऱ्याला वाटतं रक्त तर त्याच माणसाचं आहे, काय फरक पडतो. किंवा सिरिंजचं टोक जांभळ्याच्या आतल्या कडेला लागलं आणि तेच टोक प्लेनला लावलं. म्हणून तुमच्या सिस्टर "नेहमीसारखंच काढलं" म्हणतात ते खरं असू शकतं.

खोटं पोटॅशियम आणखी दोन वाटांनी येतं. पण तिथं कॅल्शियम पडत नाही, त्यावरून ओळखता येतं. एक म्हणजे हिमोलायसिस. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइम बाहेर येतात. सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) गुलाबी किंवा लाल दिसतं. बारीक सुई, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, स्पिरिट वाळायच्या आत टोचणं, सुईतूनच जोरानं बल्बात मारणं, बल्ब बाटलीसारखा हलवणं, ही त्याची कारणं. दुसरी वाट म्हणजे रात्री घेतलेलं सॅम्पल सेंट्रिफ्यूज न करता तसंच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पाठवणं. थंडीत पेशींचा पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. सिरम मात्र स्वच्छ दिसतं, म्हणून तो प्रकार जास्त फसवा. तुमच्या वॉर्डात औषधांच्या फ्रिजमध्ये सॅम्पल ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा.

बल्ब भरायचा क्रम असा: ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली), मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा हेपरिन, मग जांभळा, शेवटी करडा फ्लोराइड. सिरिंजनं भरतानाही हाच क्रम. करडा शेवटी, कारण त्यात बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं, म्हणजे परत तीच भानगड. स्काल्प व्हेननं (बारीक नळी जोडलेल्या सुईनं) काढत असाल आणि निळा पहिला असेल तर नळीतली हवा त्यात जाते आणि तो कमी भरतो. त्यासाठी आधी एक टाकाऊ बल्ब लावून नळी भरून घ्यायची.

घेतल्यावर बल्ब हळू उलटा-सुलटा करायचा. निळा तीन-चार वेळा, पिवळा पाच वेळा, जांभळा, हिरवा आणि करडा आठ-दहा वेळा. जांभळा हलवला नाही की बारीक गुठळी होते, प्लेटलेट खोट्या कमी येतात, आणि मग डेंगीच्या सीझनला वॉर्डात धावपळ.

एक विनंती. लॅबनं सॅम्पल परत पाठवलं की राग मानू नका. वाईट सॅम्पलवर आकडा छापून देणं आम्हाला जास्त सोपं असतं.

मेघा_आजरा

दादा, मनापासून आभार. अल्कलाइन फॉस्फेटेज बघितलं. पहिल्या सॅम्पलवर ९, दुसऱ्यावर ७८. रात्रपाळीच्या सिस्टरना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, जांभळा जास्त भरला होता हे आता आठवतंय. आता वॉर्डातल्या सगळ्यांनाच हे माहीत झालं.

कल्चर, लघवी आणि बाकीच्याबद्दल कुणी नर्सिंगमधलं सांगेल का?

जुन्या_सिस्टर_मंगळवारपेठ

मेघा, तुला अगंतुगंच करते. माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची आहे. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यावरही काही वर्षं मुलींना शिकवलं. लॅबवाल्या दादांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, ते मुलींकडून पाठ करून घे. पण मला विचारशील तर बल्ब कितवा भरला यापेक्षा कुणाचं रक्त कुठल्या नावाच्या बल्बात गेलं, ही चूक मोठी. पोटॅशियम खोटं आलं तर ईसीजी तरी सांगतो. नाव बदललं तर सांगणारं कुणी नसतं.

आपल्या जिल्ह्यात एका वॉर्डात पाटील किती असतात हे तुला वेगळं सांगायला नको. त्यात कांबळे, शिंदे, चौगले. बायकांच्या वॉर्डात शांताबाई आणि आक्काताई तर खाटेआड एक. मी एका वॉर्डात होते तिथं एकाच वेळी दोघी शांताबाई पाटील होत्या, एक कागलकडची, एक पन्हाळ्याकडची, दोघींना रक्त चढवायचं होतं. नर्सिंग स्टेशनवर बसून कुणीतरी दोघींच्या चिठ्ठ्या आधीच लिहून बल्बांना चिकटवून ठेवल्या. मग ट्रे घेऊन गेलेली मुलगी वेगळी. क्रॉसमॅचची (चढवायचं रक्त जुळतं का बघायची) सॅम्पल अदलाबदल होऊन ब्लड बँकेत गेली. पन्हाळ्याकडच्या शांताबाईंचा जुना ग्रुप तिथं नोंदलेला होता, ओ पॉझिटिव्ह. त्यांच्या नावाचं नवं सॅम्पल बी आलं, म्हणून तिथल्या माणसानं फोन उचलला. जुनी नोंद नसती तर ओ ग्रुपच्या बाईला बी ग्रुपचं रक्त लागलं असतं. पुढं काय होतं ते तू शिकली आहेस.

म्हणून माझा हट्ट एकच. बल्बवर नाव खाटेपाशी लिहायचं, रक्त घेतल्यानंतर लिहायचं, आणि ज्या हातानं रक्त घेतलं त्याच हातानं लिहायचं. आधी लिहून ठेवलेला बल्ब नको, आणि रिकाम्या नावाचा भरलेला बल्ब खिशात घालून स्टेशनवर येणंही नको. नाव आणि आयपीडी (अ‍ॅडमिट पेशंटचा) नंबर, दोन्ही, मनगटाच्या पट्टीशी ताडून. तारीख, वेळ, तुझी सही. क्रॉसमॅचला तर दुसऱ्या सिस्टरला शेजारी उभं करून तिच्यादेखत.

आणि विचारायचं कसं, ते मुलींना नीट दाखव. "पाटील ना तुम्ही?" असं विचारलं की कमी ऐकू येणारा म्हातारा हो म्हणतो. गावाकडचा माणूस सिस्टरला नाही म्हणायला कचरतो. विचारायचं, "आजोबा, तुमचं पुरं नाव सांगा. वडलांचं नाव? गाव कंचं?" तो बोलेल, तू कागदावर बघ. गाव काही कुठल्या फॉर्मवरची ओळख नाही, पण दोन पाटलांतला फरक गावानंच लवकर कळतो.

उपाशीपोटीचं सॅम्पल असेल तर तिथंच पुढचा प्रश्न. "उपाशी हाय काय?" म्हटलं की हो म्हणतात. चंदगडच्या पहिल्या एसटीनं आलेला माणूस स्टँडवर च्या पिऊन येतो आणि च्याला तो खाणं धरत नाही. "सकाळधरनं पोटात काय गेलंय? च्या? दूध? तंबाखू लावली?" असं एकेक विचार. पाणी चालतं, ते मात्र सांग, नाहीतर पाणीही सोडून येतात आणि शिरा सापडत नाहीत. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे.

आता शिरेचं. टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) जागेच्या चार बोटं वर, एक मिनिटाच्या आत सोडायचा. त्याहून जास्त राहिला तर रक्त दाटतं, प्रोटीन आणि कॅल्शियम वर दिसतं. मूठ उघड-मीट करायला लावू नकोस, त्यानंही पोटॅशियम वाढतं. नुसती मूठ मिटून धरली तरी पुरे. सलाइनच्या हातातून रक्त घ्यायचं नाही, दुसरा हात बघायचा. दुसऱ्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेली शीर) असेल किंवा त्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून सलाइन किमान दोन मिनिटं बंद कर, सुईच्या खालच्या बाजूला टोच, पहिलं पाच सीसी फेकून दे आणि फॉर्मवर तसं लिही. डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या सलाइनच्या) वरून घेतलेल्या सॅम्पलची साखर सहाशे येते आणि मग कुणीतरी इन्सुलिनला हात घालतं. दोनदा टोचून मिळालं नाही तर तिसऱ्यांदा आपण नाही, दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची. यात कमीपणा काही नाही. सुई काढल्यावर कापूस धरून हात सरळ ठेवायला सांग. कोपर दुमडलं की काळंनिळं होतं.

निळ्या बल्बाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथं माझा जीव अडकतो. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. म्हणून तीन सीसीच्या बल्बात २.७ सीसी रक्त, खुणेपर्यंत, ना वर ना खाली. व्हॉल्व्ह बदललेले पेशंट वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर) असतात. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप गेलेल्या तरण्या बायका मी खूप पाहिल्या. त्यांचा निळा बल्ब निम्माच भरला तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) खोटा वाढून येतो. डॉक्टर गोळी कमी करतात. आणि त्या बाईच्या झडपेवर गुठळी धरायला तेवढं पुरतं. कमी भरलेला निळा बल्ब तू स्वतः टाकून दे, लॅबनं परत पाठवायची वाट बघू नकोस.

ब्लड कल्चर. ताप चढायची वाट बघत बसायची नाही. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घेणं, आणि पुरेसं रक्त घेणं, या दोन गोष्टींवर सगळं आहे. मोठ्या माणसाला एका बाटलीत आठ ते दहा सीसी, आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन सेट. तीन सीसी घालून पाठवलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलनं तीस सेकंद घासून पूर्ण वाळू दे, त्यानंतर बोट लावून शीर चाचपायची नाही. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढलं म्हणजे खालचं रबर निर्जंतुक असतं असं मुली समजतात. तसं नाही, ते अल्कोहोलनं पुसायचं. सिरिंजनं काढलं तर अ‍ॅनेरोबिक (हवा न चालणारी) बाटली आधी, स्काल्प व्हेननं थेट घेतलं तर एरोबिक (हवा चालणारी) आधी, कारण नळीत हवा असते. आणि कल्चरची बाटली फ्रिजमध्ये कधीच नाही.

कॅथेटरची लघवी बॅगेतून काढणं आजच बंद कर. बॅगेत ती कितीतरी तास उबेत पडलेली असते, जंतू तिथंच वाढतात. त्या रिपोर्टवर पेशंटला नको ते अँटिबायोटिक लागतं. पोर्टच्या (नळीवरच्या नमुना काढायच्या तोंडाच्या) खालच्या बाजूला नळी पंधरा-वीस मिनिटं क्लँप कर, पोर्ट अल्कोहोलनं पूस, निर्जंतुक सिरिंजनं दहा सीसी काढ. आणि क्लँप काढायला विसरायचं नाही, हे मुलींना दोनदा सांग. हे काम सिस्टरचं. मावशींना दोष देऊ नकोस, त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

चालत्या-बोलत्या पेशंटला "मिड स्ट्रीम" म्हणून डबी हातात दिलीस तर ती डबी काठोकाठ भरून आणते. आमच्या वेळेला मी असं सांगायची: "आक्का, आधी पाण्यानं पुढनं मागं धुवून घ्या. पयली थोडी लघवी खाली जाऊ दे, मग मधी ही डबी धरा, निम्मी झाली की बास. शेवटची परत खाली. डबीच्या आत बोट लावू नका." पाळी चालू असेल तर हळू आवाजात विचारून फॉर्मवर लिही. आणि ती डबी तिला सगळ्या वॉर्डातून हातात धरून आणायला लावू नकोस. कागदी पिशवी दे. बऱ्याच बायका त्या लाजेपायी नळाचं पाणी मिसळून देतात, हे मी पाहिलंय. दोन तासांत लॅबला गेली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये. लघवी फ्रिजमध्ये चालते, रक्ताचं कल्चर चालत नाही, या दोन्हींची गल्लत होते.

चोवीस तासांच्या लघवीला सकाळची पहिली सोडून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिली धरून सगळी जमा. नातेवाइकाला सांग, पेशंटला नाही. रात्री कॅन कुठं आहे हे त्यालाच बघावं लागतं.

नातेवाइकांच्या रक्ताच्या तक्रारीला मी कधी हसण्यावारी नेलं नाही. ज्याच्या घरचं माणूस खाटेवर आहे त्याला ते दिसत असतं. एका वेळेला चार बल्ब म्हणजे साधारण बारा सीसी, चहाचे अडीच चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. चमचा दाखवून सांगितलं की त्यांना पटतं. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटंही नाही. आयसीयूत रोज तीन-तीनदा काढलं की हिमोग्लोबिन खरंच उतरतं. म्हणून सकाळच्या बल्बात रक्त शिल्लक आहे का हे लॅबला विचारायचं, नवी टेस्ट त्यावर होत असेल तर परत टोचायचं नाही. राउंडच्या आधी घेण्यापेक्षा राउंड झाल्यावर एकदाच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचा तुला अधिकार आहे.

ब्रदर_गगनबावडा

सिस्टर, नमस्कार. तुमचं वाचून आमच्या ट्रेनिंगच्या सिस्टर आठवल्या.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, इथं रक्तापेक्षा बेडक्याचा प्रश्न मोठा. मेघाताई, मेडिसिन वॉर्डात टीबीचे संशयित येतातच, म्हणून लिहितो. निम्मे पेशंट थुंकी देतात. पांढरं, पातळ, फेसाळ. त्यात जंतू सापडत नाहीत आणि माणूस निगेटिव्ह म्हणून घरी जातो. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. मग दोन-तीनदा खोल श्वास घेऊन आतून खाकरून काढायचं. मी स्वतः करून दाखवतो, अंतर ठेवून. दोन ते पाच सीसी घट्ट, पिवळसर बेडका हवा. नाहीतर मी तो सरळ परत मागतो, शांतपणे. दोन नमुने: एक आत्ताचा, एक उद्या पहाटेचा, उठल्या उठल्या. आणि हे वॉर्डात किंवा बाथरूममध्ये करायचं नाही. बाहेर मोकळ्या हवेत, बाकीच्यांपासून लांब.

झाकण घट्ट, बाहेरून पुसून, नाव डबीवर, झाकणावर नाही. झाकण उघडलं की नाव गेलं. निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदीचा नंबर) फॉर्मवर. सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (टीबीच्या मशीनवरच्या तपासण्यांना) पाठवायचं असेल तर तीन थरांचं पॅकिंग आणि थंड जेल पॅक.

पावसाळ्यात आमच्याकडे वेगळंच असतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की कोल्हापूरकडं जायचे रस्ते बंद व्हायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तेच झालं. अशा वेळी बेडका फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशाला टिकतो, म्हणून रस्ता बंद असला तरी नमुना घ्यायचं थांबवायचं नाही. पुराच्या पाण्यातून चालून आलेला तापाचा पेशंट असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय असतो. तिथं आणि डेंगीला फॉर्मवर एक ओळ फार महत्त्वाची: ताप कितव्या दिवशी आहे. डेंगीचं एनएस वन (विषाणूचं प्रथिन) पहिल्या पाच दिवसांत सापडतं, आयजीएम (अंगात तयार होणारी अँटिबॉडी) नंतर. तारीख नसेल तर कुठली टेस्ट लावायची हे लॅबला कसं कळणार? "चार-पाच दिस झालं आसतील" असं पेशंट म्हणतो. मग मी विचारतो, "बाजारच्या दिवशी ताप हुता काय? त्याच्या आदल्या दिवशी?" तारीख निघते.

मेघा_आजरा

वाचताना वहीत उतरवून घेतलं. सिस्टर, तुम्हाला आणखी एक विचारते. सिरिंजनं काढल्यावर बल्बात भरताना सुईचं काय करायचं? इथं काहीजणी सुई रबरातून घुसवून भरतात, बल्ब दुसऱ्या हातात धरून. मला ते बघवत नाही. आणि मुलींना पहिल्या दिवशी काय द्यावं?

जुन्या_सिस्टर_मंगळवारपेठ

बघवत नाही ते बरोबरच. बल्ब हातात धरून सुई घुसवली की ती घसरून बोटात जाते. दट्ट्या दाबला की रक्ताला फेस येतो तो वेगळाच. इन्चार्ज सिस्टरकडं ट्रान्सफर डिव्हाइस मागून घे. त्याला सुई नसते, सिरिंज लावली की बल्ब आपल्या व्हॅक्यूमनं हवं तेवढं ओढून घेतो. ते येईपर्यंत बल्ब स्टँडमध्ये उभे, सुई खाटेपाशीच हब कटरमध्ये (सुई कापायच्या यंत्रात), मग झाकणं उघडून दादांनी सांगितलेल्या क्रमानं भिंतीच्या कडेनं हळू सोडायचं. सिरिंज बल्बाला टेकवायची नाही. झाकण ज्याचं त्यालाच. सुईला टोपण परत घालायचं नाही, कुठल्याही कारणानं नाही. धारदार ते सगळं पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांपासून हेच आहे.

टोचलंच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीच्या बचावाची गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी, बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही. मुली ओरडा बसेल म्हणून दोन दोन दिवस लपवतात. त्या आल्या की सगळ्यांसमोर सांग, की टोचल्याचं सांगितलं म्हणून इथं कुणाला कुणी बोलणार नाही, आणि इन्चार्ज सिस्टरना तेव्हा शेजारी उभं कर.

पहिल्या दिवशी सुई देऊच नकोस. मुदत संपलेले बल्ब स्टोअरमधून मागून घे, त्यात रंगीत पाणी भरून उलटे-सुलटे करायला लाव, म्हणजे हळू म्हणजे किती हळू ते हाताला कळतं. मग एकेकीला वॉर्डात पाठव आणि फक्त नाव, वडलांचं नाव, गाव विचारून मनगटाच्या पट्टीशी ताडून यायला सांग. एका फेरीत तुला कळेल कोणती मुलगी ऐकून घेते आणि कोणती कागद वाचून दाखवते. जी वाचून दाखवते तिला दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर ठेव.